कामाची जागा आणि बाबासाहेब : नोकर, प्राध्यापक, मजूरमंत्री

दरवर्षी १४ एप्रिल आणि १ मे जवळ आला की आपल्या मोबाईलवर एक यादी फिरू लागते. बाबासाहेबांनी कामगारांना काय काय दिले, याची ती यादी. आठ तास, भरपगारी रजा, प्रसूती रजा, किमान वेतन. यादी अभिमानाची आहे, पण घाईघाईत पुढे पाठवताना आपण एक गोष्ट विसरतो. हे कायदे करणारा माणूस स्वतः नोकरदार होता. त्याने पगार घेतला, वरिष्ठांचे आदेश पाळले, कार्यालयात अपमान सोसला आणि एक नोकरी अवघ्या काही दिवसांत सोडून दिली. कामाच्या जागी माणसाचा अपमान होतो तेव्हा जबाबदार कोण, अपमान करणारा सहकारी की त्याला पगार देणारा मालक? हा प्रश्न बाबासाहेबांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा उभा राहिला. आज हे चरित्र त्या एका प्रश्नाच्या वाटेने सांगायचे आहे.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी लष्करातून निवृत्त झाले आणि कुटुंब आधी कोकणात, मग साताऱ्यात आणि पुढे मुंबईत आले. मुंबईत त्यांचे घर गिरणगावात होते, लोअर परळच्या डबक चाळीत आणि नंतर परळच्या बीआयटी चाळीत. त्यामुळे भोंग्यावर उठणारी, पाळीवर जाणारी आणि पगाराच्या दिवशी सावकाराला तोंड देणारी माणसे त्यांनी शेजारी म्हणून पाहिली. कामगार हा विषय त्यांना परदेशी विद्यापीठात भेटलेला नाही. तो जिन्यावर भेटला होता.

१९१२ मध्ये बी.ए. झाल्यावर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि मग लंडनला गेले. शिष्यवृत्तीची एक अट होती. शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. ती अट पाळण्यासाठी लंडनचा अभ्यास अर्धवट सोडून ते सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याला गेले.

पुढे काय झाले ते आपल्या घराघरात ठाऊक आहे, पण ते नोकरीच्या अंगाने पुन्हा पाहू. अमेरिकेत शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला गावात राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून ते राहिले. कार्यालयात शिपाई कागद हातात न देता लांबून टेबलावर टाकत. प्यायला पाणी मिळत नसे. ते जायला उठले की खालची चटई गुंडाळली जाई. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशांनी धर्मशाळेतून बाहेर काढले. दोन परिचितांकडे आसरा मागितला, दोघांनीही टाळले. दिवाणांकडे दाद मागूनही सोय झाली नाही. बडोद्याच्या बागेत काही तास बसून त्यांनी रात्रीची गाडी पकडली आणि मुंबई गाठली. त्या जागेला आपण आज संकल्पभूमी म्हणतो.

इथे थोडे थांबून विचार करण्यासारखे आहे. बडोद्यातला मालक वाईट नव्हता. सयाजीराव गायकवाड हे त्या काळातले मोठे सुधारक राजे होते, शिष्यवृत्ती त्यांनीच दिली होती. तरीही त्यांची सदिच्छा राजवाड्यातून कचेरीच्या शिपायापर्यंत पोहोचली नाही. नव्या अधिकाऱ्याची राहण्याची सोय कोणी करायची, पाणी कोण देणार, कागद कसा द्यायचा आणि यात चूक करणाऱ्याला काय विचारायचे, याची कोणतीही व्यवस्था नव्हती. भल्या मालकाच्या दारातही माणूस अपमानित होऊ शकतो, हे बाबासाहेब वयाच्या सव्विसाव्या वर्षी शिकले.

मुंबईत आल्यावर त्यांनी शिकवण्या घेतल्या आणि शेअर बाजारातील गुंतवणुकीबाबत सल्ला देण्याचा व्यवसायही सुरू केला. सल्लागाराची जात कळली तशी गिऱ्हाईके थांबली. ज्ञान तेच होते, सल्ला तोच होता, पण बाजाराने आडनाव पाहिले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. सरकारी कॉलेज, महिना ४५० रुपये पगार. सुरुवातीला विद्यार्थ्यांना वाटले, हा काय शिकवणार. काही काळातच दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही त्यांचे व्याख्यान ऐकायला येऊ लागले. वर्गाने त्यांना स्वीकारले, पण प्राध्यापकांच्या खोलीने नाही. तिथल्या पाण्याच्या माठाला त्यांनी हात लावू नये, अशी हरकत काही सहकारी प्राध्यापकांनी घेतली. बडोद्यात हाताखालचे शिपाई होते, इथे बरोबरीचे सुशिक्षित सहकारी. शिक्षण वाढले की जात आपोआप गळते, हा भ्रम त्या माठापाशी फुटला. मार्च १९२० मध्ये ती नोकरी सोडून ते पुन्हा लंडनला गेले. डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन १९२३ मध्ये परतले आणि वकिली सुरू केली. जोडीला मुंबईच्या एका लेखाशास्त्र प्रशिक्षण संस्थेत काही वर्षे व्यापारी कायदाही शिकवला. करार म्हणजे काय, मालक आणि नोकर यांच्यात कायद्याने नेमके काय असते, हे त्यांनी फळ्यासमोर उभे राहून मुलांना समजावले आहे.

मग आला १९२८ चा गिरणी संप. मुंबईच्या कापड गिरण्या सुमारे सहा महिने बंद होत्या. संपाचे नेतृत्व प्रामुख्याने कम्युनिस्ट पुढाऱ्यांकडे होते. मागण्यांमध्ये पगार होता, कामाचे ओझे होते, छाटणी होती. एक गोष्ट मात्र नव्हती. गिरणीत सर्वांत चांगला पगार साचेखात्यात, म्हणजे विणकामात मिळे आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. कारण असे की धोट्यातला धागा तुटला की तो तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाचे तोंड लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण कामगारांची हरकत. अस्पृश्य कामगार मुख्यतः सूत काढण्याच्या खात्यात, कमी पगारावर राहिला. भरती जॉबरच्या हातात होती आणि जॉबर आपल्या गावचा, आपल्या जातीचा माणूस आत घेई.

बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारले, सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क ही मागणी तुमच्या यादीत का नाही? ती घातली नाही तर आपल्या लोकांना संपात राहू नका असे सांगेन, इथपर्यंत त्यांनी ताणले. पुढाऱ्यांनी नाखुशीने मागणी घातली. गिरणीमालकांसमोर ती गेली तेव्हा मालकांनी हात वर केले. हा अन्याय असेल तर तो कामगारांनी कामगारांवर केलेला आहे, त्याला आम्ही जबाबदार नाही, अशी त्यांची भूमिका होती.

मालकांची ही सबब नीट समजून घेतली पाहिजे, कारण ती आजही जिवंत आहे. गिरणी मालकाची, यंत्र मालकाचे, भरती मालकाच्या नावाने, नफा मालकाचा. पण खात्याच्या दारात जात उभी राहिली की ते कामगारांचे आपसातले प्रकरण. दुसऱ्या बाजूला वर्गाची भाषा बोलणारी युनियनही या दाराकडे पाहत नव्हती. दोघांच्या मधल्या जागेत आपला माणूस अडकला होता. कामगार चळवळीबद्दल बाबासाहेबांची पुढची सगळी भूमिका या अनुभवाशी जोडून पाहावी लागते.

ऑगस्ट १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. पक्षाचे नावच मजुरांचे होते. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मण्य आणि भांडवलशाही. ब्राह्मण्य म्हणजे ब्राह्मण समाज नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती आणि ती कोणत्याही जातीत असू शकते, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतले वास्तव मांडले. आपला माणूस वर्षानुवर्षे गँगमन म्हणून रुळांवर राबतो, त्याला साधे पोर्टरचे कामही मिळत नाही. कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामालाही वापरतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही. म्हणजे नोकरी रेल्वेची, पण पात्रता ठरते साहेबाच्या स्वयंपाकघरात.

त्याच वर्षी मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. संपाआधी तडजोडीची लांबलचक प्रक्रिया सक्तीची आणि ती न पाळता केलेला संप गुन्हा. बाबासाहेबांनी विधिमंडळात कायद्याच्या मुळाशी जाऊन विरोध केला. काम थांबवणे हा फार तर कराराचा भंग आहे, त्यासाठी दिवाणी नुकसानभरपाई मागता येईल. पण माणसाला काम करत नाही म्हणून तुरुंगात टाकायचे ठरवले तर ती गुलामगिरी झाली, असा त्यांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबर १९३८ च्या एक दिवसाच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र उतरले. दहा वर्षांपूर्वी ज्यांच्याशी साचेखात्यावरून भांडण झाले होते, त्यांच्यासोबत ते रस्त्यावर आले. कामगाराच्या मूलभूत हक्काचा प्रश्न असेल तिथे जुने हिशेब त्यांनी बाजूला ठेवले.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ च्या मध्यापर्यंत त्या पदावर राहिले. ऑगस्ट १९४२ मध्ये दिल्लीत सरकार, मालक आणि कामगार या तिघांच्या प्रतिनिधींची परिषद त्यांच्या अध्यक्षतेखाली भरली आणि तिथून अशा त्रिपक्षीय चर्चेची कायम व्यवस्था उभी राहिली. मालकाला शत्रू ठरवून मोकळे होण्याऐवजी त्यांनी त्याला टेबलावर बसवले आणि जबाबदारी त्याच्यासमोर ठेवली.

इथे आपल्या यादीबद्दल थोडे स्पष्ट बोलू. तथ्ये नीट असली की आपले म्हणणे कोणी खोडू शकत नाही. रविवारची सुटी बाबासाहेबांच्या आधीची आहे. ती १८९० मध्ये गिरणी कामगारांना मिळवून दिली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी. बाबासाहेबांनी एका फटक्यात बारा तासांचे आठ केले, हेही नेमके नाही. १९३४ च्या कारखाना कायद्यात आठवड्याला ५४ तासांची मर्यादा होती. १९४६ च्या दुरुस्तीने ती बारमाही कारखान्यांसाठी ४८ वर आली. सहा दिवसांच्या आठवड्यात सरासरी आठ तास. जादा कामाला दुप्पट दर ठरला. त्याआधी १९४५ च्या दुरुस्तीने वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची भरपगारी रजा मिळाली. किमान वेतनाचे विधेयक एप्रिल १९४६ मध्ये त्यांच्या कारकिर्दीत मांडले गेले आणि १९४८ मध्ये कायदा झाला. हे खरे श्रेय काही कमी नाही.

आणि एक अवघड पानही आहे. कोळसा खाणीत बायकांनी जमिनीखाली काम करण्यावरची बंदी ऑगस्ट १९४३ मध्ये युद्धकाळातल्या कोळसाटंचाईमुळे उठवली गेली. मजूरमंत्री म्हणून त्या निर्णयाचे समर्थन बाबासाहेबांना करावे लागले. टीका झाली. ही तात्पुरती सोय आहे आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल, ही त्यांची बाजू होती. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादला गेले आणि स्वतः खाणीत उतरून पाहून आले. खाणमजुरांसाठी कल्याण निधी उभा राहिला, खाणीतल्या बायकांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यात सुधारणा झाल्या आणि फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली. सत्तेत बसल्यावर स्वच्छ पर्याय नेहमी समोर नसतात. हे पान लपवून बाबासाहेब मोठे होत नाहीत.

माझ्या दृष्टीने त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत कमी चर्चेतला कायदा म्हणजे एप्रिल १९४६ चा औद्योगिक रोजगार स्थायी आदेश कायदा. नाव रुक्ष आहे. पण त्याने काय केले? शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाने नोकरीच्या अटी लेखी ठरवल्या पाहिजेत. कामगार कायम, बदली की तात्पुरता, पाळ्या कशा, रजा कशी मागायची, गैरवर्तन कशाला म्हणायचे, कामावरून कसे काढायचे, तक्रार कुठे करायची, हे सगळे कागदावर. सरकारी अधिकारी कामगारांचे म्हणणे ऐकून ते प्रमाणित करणार. मग ते इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत कारखान्याच्या दाराजवळ फलकावर लागणार.

बडोद्याची कचेरी, सिडनहॅमचा माठ, साचेखात्याचे दार आणि स्टेशनमास्तरचे घर डोळ्यांसमोर आणा. सगळीकडे एकच दुखणे होते, नियम लिहिलेला नव्हता. जे लिहिलेले नसते ते जॉबर ठरवतो, साहेब ठरवतो, जात ठरवते. लेखी नियमाने जात मरत नाही, पण तिला लपायला जागा कमी उरते. मालकाला माहीत नव्हते असे म्हणता येत नाही, कारण सही त्याची असते.

पुढे संविधानात हीच दिशा दिसते. कलम १६ ने सरकारी नोकरीत समान संधी दिली, १७ ने अस्पृश्यता संपवली, २३ ने वेठबिगारीला बंदी केली, २४ ने चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात आणि खाणीत ठेवणे थांबवले, ४२ ने कामाची न्याय्य आणि माणुसकीची स्थिती हे राज्याचे कर्तव्य ठरवले. १९४८ च्या कारखाना कायद्यात तर कामगारांना पिण्याचे पाणी सोयीच्या जागी ठेवायचे आणि तिथे त्यांच्या भाषेत तसे लिहायचे, असे कलमच आले. तीस वर्षांपूर्वी एका प्राध्यापकाला माठ नाकारला गेला होता, त्या देशात आता पाणी देणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी झाली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतल्यावर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बुद्ध आणि त्यांचा धम्म या ग्रंथात गृहस्थांसाठीच्या विनयात त्यांनी मालक आणि नोकर यांच्यावरही एक प्रकरण ठेवले आहे. त्याचे मूळ सिगालोवाद सुत्तात आहे. मालकाची कर्तव्ये पाच. ताकद पाहून काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी, घरात काही विशेष असेल तर वाटून खावे, वेळोवेळी सुटी द्यावी. नोकराचीही कर्तव्ये सांगितली आहेत. मजूरमंत्र्याने कायद्यात लिहिले तेच धम्माने मनात लिहायला सांगितले. एक बाहेरून बांधते, दुसरे आतून.

आज आपण कुठे आहोत? खासगी नोकरीत भरती, बढती किंवा कामवाटप करताना जातीवरून भेदभाव करू नका, असे थेट सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे अजून नाही. अमेरिकेतल्या सिॲटल शहराने २०२३ मध्ये नोकरीसह सर्वत्र जातीय भेदभावावर बंदी घातली. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या श्रमसंहितांनी दोन विरुद्ध गोष्टी केल्या. स्थायी आदेशांची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेली, म्हणजे असंख्य कारखाने लेखी नियमांच्या बंधनातून सुटले. दुसरीकडे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत नियुक्तिपत्र सक्तीचे केले. आपल्या युवकांनी पहिल्या बदलावर आवाज उठवावा आणि दुसऱ्याचा हक्काने उपयोग करावा. नोकरी लागली की पेढे वाटण्याआधी नियुक्तिपत्र मागा.

शेवटची गोष्ट आपल्या घरातली आहे. आपण आता फक्त नोकर नाही. आपल्यात ठेकेदार आहेत, कारखानदार आहेत, शाळा आणि संस्था चालवणारे आहेत. मी एम.ए. झाल्यावर जिथे पहिली नोकरी केली ती संस्था चळवळीतलीच होती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. नियुक्तिपत्र मिळाले नाही, पगार दोन-दोन महिने थांबे आणि विचारले की समाजकार्यात पैशाचे काय बोलायचे, असा सूर लागे. संस्थेत झाडलोट करणाऱ्या मावशींना कपात जमा सांगून दिवसांचे पैसे कापले जात. मी तेव्हा गप्प राहिले. मावशींनी विचारायला हवे होते असे मला वाटायचे, मी विचारायला हवे होते हे फार उशिरा कळले.

म्हणून तपासणी आपल्या दारापासून सुरू करू. आपल्या विहाराची देखभाल करणाऱ्याला, अभ्यासिकेचे दार रात्री बंद करणाऱ्याला, आपल्या दुकानात आणि कार्यालयात राबणाऱ्याला लेखी अटी दिल्या आहेत का? किमान वेतन मिळते का? सुटी, आजारपण, बाळंतपण याचे काय ठरले आहे? बाईला तक्रार करायची असेल तर कोणाकडे जायचे हे तिला माहीत आहे का? पाण्याचा माठ सर्वांचा एकच आहे का? बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्या हाताने येत्या पगाराच्या दिवशी एका माणसाचे नियुक्तिपत्र लिहिले, तर त्या हाराला अर्थ येईल.

जय भीम, नमो बुद्धाय.